दुकानातली दुपार आणि जलरंग: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या महाल भागात आमचं औषधाचं दुकान आहे. मी फार्मसी शिकले, चित्रकलेची पदवी माझ्याकडे नाही. तरी गेली बरीच वर्षं रोज थोडं का होईना जलरंगात काम करते, आणि तेही बहुतेक काउंटरमागच्या स्टुलावर बसून. मागच्या भिंतीवर टाचलेली चित्रं पाहून गोळ्या घ्यायला आलेली माणसं थांबतात आणि विचारतात, "ताई, हे तुम्हीच काढलं का?" त्यानंतरचे प्रश्नही बहुतेक ठरलेले असतात. त्यांची उत्तरं एकदा सवडीनं लिहून ठेवली आहेत.

चित्रकला कुठे शिकलात?

शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हे सगळं तिथे हातून गेलं आणि त्याचा पाया आजही कामी येतो. पण नववीत एक गोष्ट घडली. स्मरणचित्रात मी बसस्टॉप काढला होता आणि मागे मे महिन्यातलं आकाश, पांढरट, किंचित पिवळसर. सरांनी त्यावर लाल पेनानं लिहिलं, 'आकाश निळे हवे.' मी घरी येऊन गच्चीवर गेले, वर पाहिलं. आकाश पांढरट-पिवळंच होतं. तरी पुढच्या चित्रात मी ते निळं केलं, आणि त्यानंतर हळूहळू काढणंच सुटलं. वीस वर्षं सुटलं.

परत सुरुवात झाली ती मुलीच्या दहावीनंतर. तिची रंगांची पेटी अर्धी उरली होती. उन्हाळ्याची दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सिरपच्या बाटल्या आलेलं एक खोकं फाडून त्याच्या आतल्या बाजूवर मी समोरचा कडुनिंब काढला. आकाशाला हात लावला नाही, पुठ्ठ्याचा भुरका रंग तसाच राहू दिला. तेव्हा पहिल्यांदा मला ते आकाश खरं वाटलं.

दुकान सांभाळून वेळ कसा काढता?

वेळ काढावा लागत नाही, नागपूरचा उन्हाळा तो देतो. एप्रिल-मेमध्ये दीड ते चार या वेळात कुणी घराबाहेर पडत नाही. बाकीच्या महिन्यांत वीस मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. मधे गिऱ्हाईक आलं की ब्रश पाण्यात ठेवायचा नाही, आडवा ठेवायचा. पाण्यात उभा राहिला की टोक वाकतं.

रंग आणि कागद कोणते वापरता?

आधी कागदाचं सांगते, कारण लोक रंगांवर पैसे घालतात आणि कागदावर वाचवतात. माझ्या मते हे उलटं हवं. साध्या ड्रॉइंग शीटवर पाणी पडलं की ती फुगते, रंग मधल्या खळग्यात साचतो आणि माणूस समजतो की आपल्यालाच जमत नाही. निदान ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कागद घ्या. शक्य असेल तेव्हा शंभर टक्के कापसाचा घ्या. तो महाग असतो, म्हणून मी एका मोठ्या कागदाचे आठ तुकडे करते आणि दोन्ही बाजू वापरते.

रंग पाच: अल्ट्रामरीन ब्ल्यू, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), लेमन यलो आणि एक थंड, म्हणजे निळ्याकडे झुकणारा लाल. काळा नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र केले की कोळशापासून राखेपर्यंत सगळे करडे मिळतात. निळा जास्त झाला तर पावसाळी ढग, तांबडा जास्त झाला तर जुनं लाकूड. महालातल्या वाड्यांचे खांब, दारं, ओट्यावरच्या सावल्या, सगळं या दोन रंगांत बसतं. ट्यूब घेताना रंग उन्हात टिकतो का हे पाहा. माझ्याकडच्या एका स्वस्त क्रिमसनची पट्टी मी अर्धी झाकून दुकानाच्या पश्चिमेकडच्या काचेला चिकटवली होती. चार महिन्यांनी उघडा भाग जवळजवळ कोरा झाला.

बाकी सामान दुकानातलंच. सिरपसोबत येणारी मापाची टोपणं रंग कालवायला, ड्रॉपर पाण्याला, गॉज ब्रश टिपायला. ओल्या आकाशातून ढग उचलायला कापसाच्या बोळ्यासारखं दुसरं काही नाही. ओल्या रंगावर सर्जिकल स्पिरिटचा एक थेंब टाकला तर रंग गोल फाकतो आणि मधे फिकट चकती उरते. दाट पानांमधून येणारे उन्हाचे कवडसे मी तसे काढते. स्पिरिट वापरताना जवळ गॅस किंवा उदबत्ती नको, एवढं मात्र पाळा.

नागपूरच्या उन्हात जलरंग चालतात तरी कसे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण पुण्या-मुंबईकडच्या व्हिडिओंमध्ये याचं उत्तर सापडत नाही. पारा ४५ वर गेला की आकाशाचा पहिला हात डावीकडून उजवीकडे नेईपर्यंत डावीकडचा वाळलेला असतो. मधे कडक रेघा पडतात. मी तीन गोष्टी करते.

एक, कागद दोन्ही बाजूंनी भिजवते आणि ॲक्रिलिकच्या शीटवर चिकटवते. खालची ओल वरच्या बाजूला धरून ठेवते. यामुळे पाच-सात मिनिटं तरी हातात येतात.

दोन, वाटीभर पाण्यात ग्लिसरीनचे चार-पाच थेंब. जलरंग सुकून दगड होऊ नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन किंवा मधासारखं काही घातलेलंच असतं, त्यामुळे रंगाला ते परकं नाही. पण हात आखडता ठेवा. एकदा मी अंदाजानं जास्त ओतलं, चित्र आठवडाभर चिकट राहिलं आणि वरच्या कागदाला लागून त्यावरचं पूर्ण झाड निघून आलं.

तीन, कूलर. कूलरची हवा दमट असते म्हणून ती बरी, पण झोत थेट कागदावर नको. मी पाठ कूलरकडे करून बसते.

बाहेर बसायचं असेल तर पहाटे साडेपाच ते साडेसात. सेमिनरी हिल्सवर त्या वेळी सावल्या लांब आणि निळसर असतात. आठनंतर सावली आखडते, रंग पांढरे पडतात, आणि डोळ्यांना सगळं सपाट दिसू लागतं.

हे सगळं करूनही काही कडक रेघा राहतातच. पूर्वी मी त्या पुसायला जायची. आता राहू देते. मे महिन्यातल्या दुपारच्या सावलीची कड तशीच असते, कात्रीनं कापल्यासारखी. ऊनच तुमच्या कागदावर ती रेघ काढून देत असेल तर ती पुसायची कशाला?

आणि पावसाळ्यात?

तेव्हा उलटी तऱ्हा, काही वाळतच नाही. दमट हवेत कागदावरची खळ खराब होते आणि रंग टीपकागदासारखा शोषला जातो. गोळ्यांच्या डब्यांमधून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या मी साठवते आणि कागदांच्या फाईलमध्ये टाकते. चित्रं जमिनीलगत ठेवू नका. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. माझ्या एका मैत्रिणीची पंधरा वर्षांची चित्रं दिवाणाखालच्या पेटीत होती. आम्ही दोघींनी दोन दिवस ती एकेक सुटी करून दोरीवर वाळत घातली. पेन्सिलीची चित्रं वाचली. रंगांची गेली. ती वाळलेली कोरी पानं तिनं टाकली नाहीत, हे मला अजून आठवतं.

विषय कुठून सुचतात? प्रेरणा कोण?

चितार ओळ. माझं लहानपण तिथून हाकेच्या अंतरावर गेलं. महालातली ही मूर्तिकारांची गल्ली आहे. गणपतीच्या आधीचे दोन महिने तिथून चालताना माती, भुसा आणि ओल्या रंगाचा वास अंगाला चिकटतो. आम्ही शाळेतून येताना तिथे थांबायचो, आणि कुणी हाकलायचं नाही.

तिथे पाहिलेली एक गोष्ट माझ्या प्रत्येक चित्रात आहे. मूर्तीला सगळे रंग देऊन झाले की शेवटी डोळ्यांची आखणी. कारागीर बारीक ब्रश घ्यायचा, टोक आधी स्वतःच्या मनगटावर ओढून पाहायचा, श्वास रोखायचा आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायचा. ती ओढून झाल्यावरच श्वास सोडायचा. मग मूर्तीपासून दोन पावलं मागे. लगेच दुसरा डोळा नाही. तो आधी पहिल्याकडे बघत राहायचा, कधी कधी विडी संपेपर्यंत. आता पुष्कळ ठिकाणी अंगाचा रंग स्प्रेगननं मारतात, पण डोळे हातानंच होतात. मी झाडाची फांदी ओढते तेव्हा आजही नकळत श्वास रोखते. मागे सरकून बघण्याची सवयही तिथलीच.

दुसरी प्रेरणा मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे नावाचे पुतळे. १८८० च्या दशकापासूनची ही मिरवणूक आहे आणि ती नागपूरची खास ओळख आहे. बांबू, कागद, कापडाचे ते पुतळे, आणि 'घेऊन जा गे मारबत' म्हणत रोगराईपासून महागाईपर्यंत सगळं गावाबाहेर काढणारी माणसं. मी दरवर्षी एका ओट्यावर उभी राहून छोट्या वहीत पेनानं आराखडे घेते. गर्दीत रंग काढता येत नाहीत. पिवळी मारबत इतवारीच्या अरुंद रस्त्यातून पुढे सरकते तेव्हा तिच्या पिवळ्या रंगाची झाक खाली उभ्या असलेल्या लोकांच्या पांढऱ्या शर्टांवर पडते. हे मला सहाव्या वर्षी दिसलं. आधीची पाच वर्षं मी मारबतच बघत होते.

तोच कडुनिंब, तोच समोरचा वाडा. परत परत का काढता?

कारण पहिल्या दहा वेळा मी झाड काढलंच नव्हतं. मला ठाऊक असलेलं झाड काढलं होतं: खोड तपकिरी, पानं हिरवी. पंधराव्या-विसाव्या वेळी कधीतरी लक्षात आलं की दुपारी खोड तपकिरी नसतंच. समोरच्या निळ्या शटरचा उजेड त्यावर पडतो आणि एक बाजू चक्क जांभळी दिसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानं झडतात, मग नवी पालवी येते ती हिरवी नसते, तांबूस तपकिरी असते. मी जन्मापासून या शहरात राहते. हे मला ब्रश हातात घेईपर्यंत माहीत नव्हतं.

दरवेळी नवा विषय शोधत फिरणाऱ्यांना मी हेच सांगते. विषय बदलला की आपण पुन्हा ओळखीपासून सुरुवात करतो, आणि ओळख करून देण्यातच कागद संपतो. त्याच झाडापाशी परत गेलं तर ती सगळी ओळख मागे पडते आणि बघणं सुरू होतं. मला चित्रकलेत जे काही आलं ते तिथून आलं.

नागपूरचे मोठे चित्रकार कोण?

दोन नावं प्रत्येक नागपूरकराला माहीत असायला हवीत. सय्यद हैदर रझा १९२२ मध्ये मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया या गावी जन्मले. वडील जंगल खात्यात होते. १९३९ ते १९४३ ते नागपूरच्या कलाशाळेत शिकले, त्यानंतर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, आणि १९५० मध्ये पॅरिसला गेले. त्यांनी सांगितलेली लहानपणची एक आठवण प्रसिद्ध आहे: मन एका जागी राहत नव्हतं म्हणून शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. पुढे त्यांच्या चित्रांत जो बिंदू आला त्याचं मूळ ते तिथे सांगत. साठ वर्षं फ्रान्समध्ये राहून ते परतले, २०१६ मध्ये दिल्लीत वारले, आणि त्यांची कबर मंडल्यात आहे.

दुसरे वासुदेव गायतोंडे. जन्म नागपूरचा, १९२४ चा. शिक्षण आणि पुढचं काम मुंबई-दिल्लीत. वर्षाला मोजकेच कॅनव्हास करणारा माणूस. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन झालं. त्यांची चित्रं मला आधी कळत नव्हती. खोडाकडे वर्षानुवर्षं बघून झाल्यावर एकदा दिल्लीत त्यांच्या एका कॅनव्हाससमोर उभी राहिले, तेव्हा मात्र पाय निघेना.

मुलांना घेऊन अजब बंगल्यात जा. १८६३ पासूनचं आपलं मध्यवर्ती संग्रहालय आहे. आपण ते पेंढा भरलेल्या प्राण्यांसाठीच ओळखतो, पण तिथल्या मूर्तींसमोर बसून पेन्सिलीनं सावल्या काढण्यासारखा सराव नाही. मूर्ती हलत नाही आणि कंटाळत नाही.

पहिलं चित्र कशाचं काढू?

संत्र्याचं. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी निघणारं संत्र्याचं पीक, बाजारात आला की एक संत्रं घ्या, पांढऱ्या कागदावर खिडकीशेजारी ठेवा. आपल्या संत्र्याची साल सुटी असते, देठापाशी थोडी वर आलेली, कुठे हिरवट. गोल चेंडू काढू नका, ते वर आलेलं टोक काढा. तयार नारंगी ट्यूब वापरू नका, पिवळा आणि लाल कागदावरच ओले असताना एकमेकांत जाऊ द्या. सावली काळी नसते. जवळून बघा, संत्र्याच्या बुडाशी कागदावरच्या सावलीत नारंगी उजेड असतो. तो दिसला आणि काढता आला, की पहिलं चित्र झालं. मग संत्रं खा.

पांढरी वस्तू कशी काढायची? दीक्षाभूमीचा स्तूप जमत नाही.

जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. स्तूप रंगवायचा नाही, त्याच्या भोवतीचं आकाश आणि झाडं रंगवायची, स्तूप आपोआप उभा राहतो. घुमटाच्या सावलीच्या बाजूला अगदी पाणीदार अल्ट्रामरीन, त्यात बर्न्ट सिएनाचा अंश. आणि खालच्या कडेला, जिथे अंगणातलं ऊन वर उसळतं, तिथे ऑकरचा हलका हात. ही उबदार कड चुकली तर स्तूप प्लास्टरचा वाटतो. मी दर ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी सकाळी जाऊन एक चित्र काढते. गावोगावची माणसं पथाऱ्या पसरायला लागलेली असतात, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. एवढा पांढरा कोरा ठेवायला धीर लागतो. अजूनही दरवर्षी एखाद्या ठिकाणी माझा हात घाई करतो.

फोटोवरून काढलं तर चालतं का?

चालतं, फोटो तुमचा असेल तर. आणि आधी पाच मिनिटं तरी जागेवर बसून आराखडा घेतला असेल तर. फोनमध्ये फुटाळा तलावाचा सूर्यास्त भडक केशरी येतो, सावल्या काळ्याभोर येतात. डोळ्यांना त्या काळ्यात हिरवा दिसत होता, पाणी दिसत होतं. मी फोटो फक्त खिडक्या किती होत्या हे मोजायला ठेवते.

चित्रं विकता का? प्रदर्शन केलंय?

सिव्हिल लाइन्सच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या दालनात मी प्रदर्शनं पाहायला नियमित जाते. स्वतः दोनदा समूह प्रदर्शनात भाग घेतला आहे. पहिल्या वेळी फ्रेम करणाऱ्यानं न विचारता चित्र चारही बाजूंनी कापलं, सही आणि अर्धी पायरी गेली. तेव्हापासून मी कागदाला दोन इंच कोरी कड सोडते आणि मागे पेन्सिलीनं 'कापू नये' लिहिते. विकत नाही. ज्याचं घर काढलं त्याला ते चित्र देते.

माझं वय बासष्ट. आता सुरू करून काय होणार?

आमच्याकडे शुगरच्या गोळ्या घ्यायला येणाऱ्या एका काकूंनी हाच प्रश्न विचारला होता. त्यांचा हात थरथरतो. मी त्यांना मोठा ब्रश आणि ओला कागद दिला, कारण ओल्यावर ओला रंग सोडला की रेघ सरळ असावी लागतच नाही. त्यांनी ढग काढले. थरथरीनं ढगांच्या कडा अशा फुटल्या की मला मुद्दाम करता आल्या नसत्या. आता त्या महिन्याच्या गोळ्यांसोबत महिन्याची चित्रं घेऊन येतात. तुम्हीही या.

सध्या काय काढताय?

समोरचा वाडा पाडला. जानेवारीत दोन आठवड्यांत सगळं उतरवलं, सागाचे खांब ट्रकवर गेले. मला वाटलं माझा विषय संपला. पण शेजारच्या घराची भिंत आता उघडी पडली आहे आणि त्या भिंतीवर वाडा अजून आहे. जिना गेला, त्याच्या पायऱ्यांची नागमोडी रेघ चुन्यात उरली आहे. वरच्या मजल्यावर दोन कोनाडे, एकाला काजळीची जीभ. त्याच्या शेजारी स्वयंपाकघराचा निळीचा चौकोन, आणि त्या निळ्यात एक फिकट आयत, जिथे कॅलेंडर लागत असणार. दुपारी अडीचला ऊन त्या निळ्यावर येतं आणि सव्वातीनला जातं. आतापर्यंत नऊ चित्रं झाली आहेत, निळा अजून पकडता आलेला नाही. कडुनिंब वाचला आहे.